विषदिव्याची बी

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पश्चिम आफ्रिकेतल्या जुन्या कॅलाबार बंदरात एखाद्यावर चेटकाचा आरोप आला, की निवाडा एका बीवर सोपवला जाई. हे बंदर आजच्या नायजेरियाच्या आग्नेय कोपऱ्यात, क्रॉस नदीच्या मुखाजवळ. वस्ती एफिक लोकांची. बी साधारण इंचभर लांब, गडद तपकिरी, मूत्रपिंडाच्या आकाराची, कडेने लांब खाच असलेली. एफिक लोक तिला एसेरे म्हणत. आरोपीला ती खायला लावत किंवा कुटून पाण्यात कालवून पाजत. ओकारी होऊन विष बाहेर पडलं तर माणूस निर्दोष. हातपाय लुळे पडून मेला तर गुन्हा शाबीत. दोघांचा तंटा असला तर बीचे दोन तुकडे करून दोघांनी एकेक खायचा, अशीही रीत होती.

दिव्य आपल्याला अनोळखी नाही. मराठेशाहीत वतनाच्या भांडणांत उकळत्या तेलातून रवा काढायला लावत, आणि याज्ञवल्क्यस्मृतीत तुला, अग्नी, जल व कोश यांच्या जोडीला विषाचंही दिव्य सांगितलेलं आहे. तेव्हा एफिकांना रानटी ठरवून पुढे जाण्याचा अधिकार आपल्याला तरी नाही. पण त्या प्रथेला सोज्वळ करायचंही कारण नाही. एखादा सरदार वारला की त्याच्या मरणाला कोणीतरी जबाबदार असणारच, या समजुतीने एकामागून एक माणसांना एसेरे खाऊ घालत, आणि त्यांतली अनेक मरत. निर्दोष माणूस निर्भयपणे एका दमात पितो म्हणून त्याला ओकारी होते, दोषी माणूस भीत भीत घोट घेतो म्हणून विष अंगात भिनतं, असा खुलासा पुढे अनेकांनी केला. तर्क पटण्यासारखा आहे, पण त्यामुळे निरपराधांचे प्राण वाचतच असत असं मानणं भाबडेपणाचं ठरेल.

आज अल्झायमरच्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी एकाची वंशावळ सरळ या बीपर्यंत जाऊन पोचते. मला या इतिहासाचं महत्त्व वाटतं ते यासाठी, की स्मृती वाढवणारी वनस्पती म्हणून एसेरेकडे कोणीच, कधीच पाहिलं नव्हतं. ती मारते कशी, हे समजून घेण्याच्या हट्टातून सव्वाशे वर्षांनी स्मृतीचा धागा हाती लागला.

युरोपात या बीची पहिली ठळक माहिती दिली विल्यम डॅनियल या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने, १८४६ साली, एडिंबरोच्या एका सभेपुढे. त्याच वर्षी स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन मिशनने कॅलाबारमध्ये ठाणं मांडलं, आणि मिशनऱ्यांच्या सामानातून बिया एडिंबरोला पोचू लागल्या. त्या सहजासहजी मिळत नसत. मिशनऱ्यांकडून आलेली हकीकत अशी, की न्यायनिवाड्यासाठी लागतील तेवढे वेल राखून बाकीचे उपटून टाकायचा दंडक होता. पाण्याकाठी चढणारा हा वेल वाल-पावट्याच्या कुळातला. एडिंबरोचे वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन हटन बाल्फोर यांनी त्याला फायसोस्टिग्मा व्हेनेनोसम हे शास्त्रीय नाव दिलं.

बिया ज्यांच्या हाती पडल्या ते रॉबर्ट ख्रिस्टिसन हे एडिंबरो विद्यापीठात औषधिविज्ञानाचे प्राध्यापक होते. विषांवरचा त्यांचा १८२९ चा ग्रंथ प्रमाण मानला जाई. मुडदे विकण्यासाठी खून पाडणाऱ्या बर्क आणि हेअरच्या गाजलेल्या खटल्यात त्यांनी वैद्यकीय साक्ष दिली होती. १८५५ साली, सत्तावन्न-अठ्ठावन्नाव्या वर्षी, या गृहस्थांनी बी स्वतःच खाऊन पाहायचं ठरवलं. रात्री निजताना एक अष्टमांश बी खाल्ली. फारसं काही झालं नाही. सकाळी उठून पाव बी चावून गिळली.

थोड्याच वेळात चक्कर आली. मात्रा जास्त झाली हे त्यांनी ओळखलं आणि ओकारी काढायला हाताशी होतं ते दाढीचं पाणी घटाघट प्यायले. पोट रिकामं झालं, तरी अंगातलं त्राण गेलं. नाडी क्षीण आणि अनियमित झाली. सहकारी डॉक्टरांना बोलावणं गेलं. या अवस्थेत ख्रिस्टिसन आपल्या लक्षणांची मनात नोंद ठेवत पडून होते, कारण मन शेवटपर्यंत स्वच्छ होतं. इच्छा होती, विचार होता, स्नायू मात्र हुकूम पाळेनात. दुपारपर्यंत ते सावरले आणि पुढे त्यांनी सगळा वृत्तांत प्रसिद्ध केला. शुद्ध शाबूत राहून शरीर निकामी होतं, हे निरीक्षण महत्त्वाचं होतं. कॅलाबारमध्ये एसेरे खाऊन मेलेल्यांनी काय भोगलं असेल, तेही त्यातून कळतं.

ख्रिस्टिसन यांचा शिष्य आणि नंतर त्यांच्याच जागी आलेला प्राध्यापक म्हणजे टॉमस रिचर्ड फ्रेझर. जन्म कलकत्त्याचा, १८४१ चा. १८६२ मध्ये कॅलाबारच्या बीवरच्या प्रबंधाला त्याला सुवर्णपदक मिळालं. बीच्या अर्काने डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी आकसते, हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याने ते आपल्या मित्राला, डग्लस आर्गिल रॉबर्टसनला सांगितलं. नेत्रवैद्य असलेल्या रॉबर्टसनने अर्क स्वतःच्या डोळ्यात घालून पाहिला आणि १८६३ मध्ये निबंध वाचला. तपासणीसाठी ॲट्रोपीन घालून विस्फारलेली बाहुली पूर्ववत करणारं औषध नेत्रवैद्यांना प्रथमच मिळालं होतं. १८६४ मध्ये जर्मनीत योब्स्ट आणि हेसे यांनी बीतलं क्रियाशील द्रव्य वेगळं काढून त्याला फायसोस्टिग्मीन म्हटलं. पुढच्या वर्षी फ्रान्समध्ये ते स्फटिकरूपात मिळालं आणि एसेरेवरून एसेरीन म्हणून ओळखलं जाऊ लागलं. लुडविग लाकर या स्ट्रासबुर्गच्या डॉक्टरने १८७० च्या दशकात ते काचबिंदूवर वापरलं. लाकरला स्वतःलाच काचबिंदू होता.

फ्रेझरचं सगळ्यांत मोठं काम यानंतरचं. बाहुलीच्या बाबतीत ॲट्रोपीन आणि फायसोस्टिग्मीन एकमेकांच्या उलट वागतात, तर बाकी शरीरातही तसंच असेल का? सशांवर मात्रा बदलत बदलत त्याने कितीतरी प्रयोग केले आणि दाखवून दिलं, की कॅलाबारच्या विषाची मारक मात्रा टोचलेला ससा वेळेत ॲट्रोपीन दिलं तर जगतो. एक वनस्पतिद्रव्य दुसऱ्याचा उतारा असतो, हे मात्रेच्या हिशेबाने सिद्ध करण्याची पद्धत त्याने घालून दिली. या फ्रेझरची आपल्या इतिहासाशी आणखी एक गाठ आहे. १८९८ मध्ये सरकारने नेमलेल्या भारतीय प्लेग आयोगाचा अध्यक्ष तोच होता. प्लेग अधिकारी रँडच्या खुनानंतर जेमतेम दीड वर्षाने तो मुंबई इलाख्यात आला आणि हाफकिनच्या लशीसह प्लेगच्या सगळ्या उपायांवर आयोगाने साक्षी घेतल्या.

ॲट्रोपीनची जात आपल्याला घरची आहे. धोतऱ्यात ॲट्रोपीनचीच भावंडं असतात, त्यांतलं एक स्कोपोलामीन. गोव्यात राहून १५६३ मध्ये तिथेच आपला औषधिग्रंथ छापणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने त्यात धोतऱ्यावरही लिहिलं आहे. एखाद्याला धोतरा खाऊ घालायचा आणि घर लुटायचं, ही त्या काळची रीत त्यात येते. ज्याला चारला तो भान हरपून नुसता हसत राहतो. धोतरा आठवण पुसतो ही गोष्ट म्हणजे गावोगावच्या माणसांना शतकानुशतकं माहीत होती. तिच्या पोटात काय दडलंय हे कळायला मात्र १९७४ उजाडावं लागलं.

तोवर एसेरीनचं कोडं सुटत आलं होतं. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकांच्या हृदयांवर तो प्रसिद्ध प्रयोग केला. त्याची कल्पना त्यांना मध्यरात्री स्वप्नात सुचली होती. मज्जातंतू हृदयाला सावकाश चालायचा हुकूम देतो तो एका रसायनाच्या मार्फत, हे त्यातून सिद्ध झालं. हे रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन. ते काम झाल्याझाल्या एका एन्झाइमकडून मोडलं जातं, नाहीतर पुढचा निरोप पोचणारच नाही. १९२६ मध्ये लोवी आणि त्यांचे सहकारी नाव्रातिल यांनी दाखवलं, की एसेरीन नेमकं या मोडणाऱ्या एन्झाइमलाच अडवतं. मग ॲसिटिलकोलीन साचत जातं. बाहुली आकसते, लाळ सुटते, पोट ढवळतं, हृदय मंदावतं, आणि मात्रा मोठी असली तर श्वासाचे स्नायू थकून बंद पडतात. आरोपीची ओकारी आणि आरोपीचा मृत्यू, दोन्ही याच एका क्रियेची फळं होती. लोवी यांना १९३६ मध्ये हेन्री डेल यांच्यासह नोबेल मिळालं. दोन वर्षांनी नाझींनी त्यांना अटक केली आणि पारितोषिकाची रक्कम हिरावून घेऊन देशाबाहेर काढलं.

हेच विष औषध म्हणून शरीरभर वापरण्याचं धाडस केलं मेरी वॉकर यांनी. लंडनच्या ग्रिनिच भागातल्या सेंट आल्फेज या गरिबांच्या रुग्णालयात त्या साहाय्यक वैद्यकीय अधिकारी होत्या. म्यास्थेनिया ग्रॅव्हिस या विकारात स्नायू थकत जातात, पापण्या मिटतात, घास गिळवत नाही. हे चित्र क्युरारेच्या विषबाधेसारखं दिसतं आणि क्युरारेवर फायसोस्टिग्मीन उतारा आहे, तर तेच द्यावं, असा त्यांचा विचार. १९३४ मध्ये एका रुग्णेला त्यांनी सुई दिली. थोड्या वेळात पापणी उघडली, जबडा हलला, घास गिळता आला. काही तासांत परिणाम ओसरलाही. ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचं छोटंसं पत्र आलं. त्या आजाराच्या इतिहासात पहिला खरा उपाय एका कनिष्ठ हुद्द्यावरच्या डॉक्टर बाईंनी शोधला होता.

रेणूची रचना एडिंबरोमध्येच स्टेडमन आणि बार्जर यांनी १९२५ मध्ये उलगडली होती. प्रयोगशाळेत तो मुळापासून घडवायची चढाओढ मग सुरू झाली. तिच्यात एका बाजूला ऑक्सफर्डचे रॉबर्ट रॉबिन्सन, त्या काळचे नामांकित सेंद्रिय रसायनतज्ज्ञ. दुसऱ्या बाजूला इंडियानातल्या डीपॉ या छोट्या विद्यापीठात पर्सी जुलियन आणि त्यांच्याबरोबर व्हिएन्नाहून आलेले योसेफ पिकल. जुलियन यांचा जन्म १८९९ चा, अलाबामातला. आजोबा गुलामगिरीत जन्मलेले. कृष्णवर्णीय म्हणून अमेरिकेत त्यांना डॉक्टरेटचं शिक्षण दुर्मीळ, म्हणून ती व्हिएन्नाहून मिळवली. रॉबिन्सन यांच्या गटाने मधल्या टप्प्याचा पदार्थ तयार केल्याचं आधीच जाहीर केलं होतं. जुलियन यांचा पदार्थ त्याच्याशी जुळेना. विद्यापीठाचं नाव, वर्ण, साधनं, सगळं विरुद्ध असताना जुलियन यांनी छापून सांगितलं की आमचं बरोबर आहे, त्यांचं चूक. वितळणबिंदूने निकाल त्यांच्या बाजूने दिला. हे १९३५ साल. गुलामांची जहाजं जिथून भरून जात त्या बंदरातल्या बीचं द्रव्य गुलामांच्या नातवाने काचेच्या भांड्यात उभं केलं, आणि त्याच डीपॉने त्यांना प्राध्यापकाची कायम जागा दिली नाही. या सगळ्या कथेत मला सर्वांत जास्त संताप येतो तो इथे.

स्मृतीचा विषय निघाला तो यानंतर चाळीसेक वर्षांनी. १९७४ मध्ये अमेरिकेत ड्रॅकमन आणि लेविट यांनी निरोगी तरुणांना धोतऱ्यातलं स्कोपोलामीन दिलं. ऐकलेले आकडे लगेच उच्चारता येत होते, नवीन गोष्ट साठवून पुन्हा काढणं मात्र जमेना. त्यांचे निकाल वृद्धांच्या विस्मरणासारखे दिसू लागले. ॲसिटिलकोलीनचा निरोप अडवला की आठवण साठत नाही, म्हणजे स्मृतीच्या कामात या रसायनाचा वाटा आहे. दोन वर्षांनी एडिंबरोतूनच पुढचं पाऊल पडलं. पीटर डेव्हिस आणि मॅलनी यांनी अल्झायमरने मरण पावलेल्यांचे मेंदू तपासले तेव्हा ॲसिटिलकोलीन तयार करणारं एन्झाइम कमालीचं घटलेलं आढळलं. लंडन आणि न्यूकॅसलच्या गटांनाही तेच दिसलं. १९०६ मध्ये आलोइस अल्झायमर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या गाठी आणि डाग यांच्या जोडीला आता एक मोजता येणारी, भरून काढण्याजोगी वाटणारी उणीव सापडली होती.

नळाला करंगळीएवढंच पाणी येत असेल तर आधी बादलीचं भोक बुजवावं, तसा हा विचार होता. ॲसिटिलकोलीन कमी आहे. मग जे आहे ते मोडू देऊ नका. त्यासाठीचं द्रव्य तर शंभर वर्षांपासून कपाटात होतं. १९७८ पासून फायसोस्टिग्मीनचे प्रयोग सुरू झाले. निरोगी माणसांच्या स्मृतीत थोडी सुधारणा दिसली, काही रुग्णांतही दिसली. पण औषधाचा अंमल तासाभराहून जास्त टिकेना. मात्रा किंचित कमी पडली तर उपयोग नाही, किंचित वाढली तर मळमळ, ओकारी, घाम. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्याही करून झाल्या, पण अल्झायमरचं औषध म्हणून त्यांना मान्यता मिळाली नाही. १९९३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं या वर्गातलं पहिलं औषध टॅक्रीन कृत्रिम होतं, आणि यकृताला इजा करत असल्याने पुढे मागे पडलं.

जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात मार्ता वाइनस्टॉक यांनी वेगळी वाट धरली. जन्म व्हिएन्नाचा, १९३५ चा. नाझींपासून जीव वाचवून आईवडिलांबरोबर इंग्लंडला आलेल्या. स्टेडमन यांनी एडिंबरोत १९२० च्या दशकात एसेरीनच्या रेणूतला कामाचा भाग ओळखून त्याची साधी, कृत्रिम भावंडं बनवली होती. वाइनस्टॉक यांनी त्या जुन्या सांगाड्यापासून सुरुवात केली आणि मेंदूत शिरेल, तिथे तासन्‌तास एन्झाइमला धरून ठेवेल असं रूप शोधलं. हे रिव्हास्टिग्मीन. एसेरीन एन्झाइमवरून लवकर सुटतं. हे चिकटून बसतं आणि जवळपास दहा तास काम करतं. स्वित्झर्लंडमध्ये ते १९९७ मध्ये, अमेरिकेत २००० मध्ये मान्य झालं. पोटाचा त्रास मात्र वंशपरंपरेने आला. एसेरेच्या ओकारीमागची क्रियाच ती. मेंदूत हवा असलेला परिणाम जठरातही होतोच. म्हणून त्वचेवर चिकटवायची पट्टी निघाली. तिच्यातून औषध थेंबाथेंबाने झिरपतं, रक्तातली पातळी एकदम चढत नाही आणि मळमळ कमी होते. अमेरिकेत २००७ मध्ये ती आली, आणि आता आपल्याकडेही डॉक्टर ती लिहून देतात.

याच वर्गातलं दुसरं औषध गॅलँटामीन. ते हिमकळीच्या कंदातून आलं. १९५० च्या दशकात सोव्हिएत आणि बल्गेरियन संशोधकांनी ते वेगळं काढलं, सोफियाच्या दिमितर पास्कोव्ह यांनी त्याचं औषध केलं, आणि पोलिओत लुळ्या पडलेल्या अवयवांवर ते वापरात होतं. अल्झायमरसाठी २००० च्या आसपास मान्यता मिळाली. आपल्याकडे विस्मरण म्हटलं की ब्राह्मीचं नाव निघतं. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने तिच्यातल्या बॅकोसाइड्सवर मन लावून काम केलंय आणि ते पुढे न्यायला हवं. पण अल्झायमरच्या मान्यताप्राप्त औषधांत ब्राह्मी आज नाही, हे घरच्यांनी जाणून असावं. परंपरेने दिलेली कीर्ती आणि रुग्णांवर मोजून दिसलेला परिणाम यांतलं अंतर एसेरेच्या वाट्याला आलेल्या सव्वाशे वर्षांएवढं मोठं असू शकतं.

रिव्हास्टिग्मीन गेलेली आठवण परत आणत नाही. ॲसिटिलकोलीन बनवणाऱ्या पेशी मरत राहतात आणि बुजवलेल्या बादलीत पडणारी धारच आटत जाते. काही रुग्ण काही महिने थोडे अधिक सावध राहतात, कपडे स्वतः घालतात, घरातल्यांना ओळखतात. काहींना उपयोगच होत नाही. त्या काही महिन्यांचं मोल ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना विचारावं. मी ते कमी लेखणार नाही.

फ्रेझरच्या सशांचा धडा मात्र आजही दवाखान्यातून निसटतो. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना शेतमजुरांना विषबाधा झाली. असल्या अनेक कीटकनाशकांचा मारा ॲसिटिलकोलीन मोडणाऱ्या याच एन्झाइमवर असतो, आणि त्यावर उतारा म्हणून ॲट्रोपीनच देतात, हे ग्रामीण भागातल्या प्रत्येक डॉक्टरला पाठ असतं. तेच वैर उलट दिशेनेही चालतं, हे मात्र निसटतं. लघवीची घाई थांबवणाऱ्या, ॲलर्जीच्या, झोपेच्या काही गोळ्या ॲसिटिलकोलीन अडवतात. धोतऱ्याच्या बाजूच्या म्हणायच्या. रिव्हास्टिग्मीनमुळे आजोबांना लघवीची घाई होते, त्यासाठी दुसरे डॉक्टर अशी गोळी लिहितात, आणि एका औषधाने जपलेलं ॲसिटिलकोलीन दुसऱ्याने निरुपयोगी होतं. म्हणून मेंदूच्या डॉक्टरांकडे जाताना आजोबांच्या झाडून सगळ्या गोळ्या, सर्दीच्यासुद्धा, पिशवीत घालून न्याव्यात आणि टेबलावर ओतून दाखवाव्यात.